दोन वर्षं जर्मनीला जावं का? ‘तिकडे बाई-पुरुष भेद नसतो’ हे कितपत खरं?

गेज_मास्तरीण (सांगली)

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, आधीच माफी मागते.

मी कुपवाड एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, क्वालिटीला आहे. वय ३४. कास्टिंग आमचं, मशीनिंगही आमचंच, आणि जवळजवळ निम्मा माल जर्मनीतल्या एका गिऱ्हाइकाला जातो. श्टुटगार्टपासून तासाभरावर त्यांचं गाव. गेल्या वर्षी रिजेक्शनचं एक लफडं निस्तरायला मला सहा आठवडे तिकडे पाठवलं होतं. आता त्यांनी दोन वर्षांसाठी मागितलंय. पगार तिकडचा, नवऱ्याला आणि मुलीला नेता येईल. मुलगी चार वर्षांची.

ज्याला सांगावं तो एकच वाक्य बोलतो, “जा की! तिकडे बाई-पुरुष असलं काही नसतं.” आमचे मॅनेजर, माझा भाऊ, विश्रामबागेतला मेडिकलवाला, सगळे. आणि मी गप्प बसते, कारण सहा आठवड्यांत मला जे दिसलं ते या वाक्यात बसत नाही.

तिथल्या क्वालिटीत अकरा माणसं. त्यांत बायका दोन, आणि इंजिनिअर त्यांतली एकही नाही. मी सांगलीत मेकॅनिकलला होते तेव्हा वर्गात आम्ही नऊ मुली होतो आणि आम्हाला वाटायचं, किती कमी आपण! कॉम्प्युटरला तर निम्म्या मुली. तिथल्या एका इंजिनिअरला हे सांगितलं तर त्याला पटेना. भारत म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर डोक्यावर हंडा घेतलेली बाईच येत असणार.

त्या दोघींपैकी एक मेटॅलर्जी लॅबमध्ये. तिची नजर अशी की सँपल पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली ठेवलं की ग्राफाइट कसा पडलाय ते रिपोर्ट यायच्या आधी सांगायची. पण रोज साडेबारा वाजले की ही कोट चढवून निघाली. मुलगा पहिलीत, शाळा दुपारीच सुटते. मी विचारलं, पूर्ण वेळ का नाही करत? तर म्हणाली, आमच्याकडे एक शब्द आहे, ‘राबेनमुटर’. म्हणजे डोमकावळ्याची आई, पिल्लं टाकून हिंडणारी. लेकरू दिवसभर दुसऱ्याकडे सोडून नोकरी करणाऱ्या बाईला म्हणतात. (आपल्याकडे कावळ्याला निदान पिंडाला तरी बोलावतात!) वर कराचा हिशेब. १९५८ पासून तिथे नवरा-बायकोचं उत्पन्न एकत्र धरून कर लावतात, आणि घरात ज्याचा पगार कमी त्याच्या पगारातून दर महिन्याला जास्त कापून घ्यायची सोय निवडता येते. हिने पूर्ण वेळ केलं तर वाढलेला पगार कर आणि दुपारचं पाळणाघर यांतच संपतो. तिच्या आईच्या काळी, म्हणजे १९७७ पर्यंत, पश्चिम जर्मनीच्या कायद्यातच लिहिलेलं होतं की घर-संसाराची कर्तव्यं सांभाळून जमत असेल तर बायकोने नोकरी करावी. १९७७! मी दोनदा विचारून घेतलं.

आता मी. सकाळी साडेआठला गेटवर, संध्याकाळी साडेसहाला बाहेर. मला आजवर कुणी कावळी म्हटलेलं नाही. कारण घरात सासूबाई आहेत. त्रेसष्ट वय, दोन्ही गुडघे गेलेले. शाळेची रिक्षा, डबा, ताप, दुपारची झोप, सगळं त्यांच्याकडे. माझी नोकरी त्यांच्या गुडघ्यांवर उभी आहे. मी जर्मनीहून आले तेव्हा पाहुण्यांनी माझं कौतुक केलं. त्या सहा आठवड्यांत सासूबाईंना कसं झेपलं हे एकानेही विचारलं नाही. मीसुद्धा चार दिवसांनी विचारलं.

पण म्हणून इथे सगळं बरं आहे असंही नाही. दोन वर्षांपूर्वी सेकंड शिफ्टच्या इन्चार्जची जागा रिकामी झाली. दुपारी तीन ते रात्री अकरा. मी सगळ्यांत सीनियर. साहेब म्हणाले, “मॅडम, तुम्हाला द्यायला काहीच हरकत नाही हो. पण रात्री अकराला कुपवाड रोडनं…” पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलंच नाही, आणि जागा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी ज्युनियर मुलाला गेली. आता कायदा आड येत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात संध्याकाळी सात ते सकाळी सहा बायकांना मनाई होती हे खरं. पण हल्ली तिची संमती घेऊन, सुरक्षिततेची आणि गाडीची सोय करून परवानगी मिळते. म्हणजे प्रश्न एका गाडीचा होता.

आणि तिथे? तिथल्या मशीन शॉपमधली एक पोरगी सेकंड शिफ्ट संपली की रात्री दहाला हेल्मेट घालून सायकलवर टांग मारायची आणि शेतातल्या रस्त्याने एकटी घरी. मी गेटवर उभी राहून तिच्या सायकलचा लाल दिवा दिसेनासा होईपर्यंत बघायचे. पहिल्या दिवशी तर माझ्याच पोटात गोळा आला.

म्हणजे जी रात्री दहाला बिनधास्त आहे ती लेकुरवाळी झाली की दुपारी साडेबाराला अडते. आणि मी दुपारभर मोकळी, पण रात्री अकराला अडते. यात पुढारलेलं कोण?

अजून एक, मग थांबते. आमच्या मशीन शॉपला बायकांचं स्वच्छतागृह झालं ते याच गिऱ्हाइकाच्या ऑडिटमुळे. वेगळी सोय हवी हे १९४८ च्या कायद्यातच होतं, पण ती भिंत चढली जर्मनीत १ जानेवारी २०२३ पासून पुरवठा साखळीचा कायदा (माल पुरवणाऱ्यांकडची कामगारांची स्थितीही तपासायला लावणारा) लागू झाल्यावर. त्याच ऑडिटरने कोअर शॉपमध्ये विचारलं, वाळूचे कोअर (कास्टिंगमधल्या पोकळ जागेसाठीचे साचे) बनवणाऱ्या या सगळ्या बायका ‘हेल्पर’ आणि शेजारी तेच काम करणारे दोन पुरुष ‘ऑपरेटर’ असं का? साहेब म्हणाले, अनुभवाचा फरक. त्या बायकांतली एक चौदा वर्षं तिथे आहे. ऑडिटरने लिहून घेतलं. पुढे काय झालं ते विचारू नका.

तर प्रश्न असे:
मुलगी घेऊन गेले तर मीही तिथे साडेबाराची बाई होईन का?
नवरा ज्युनियर कॉलेजला शिकवतो, बिनपगारी रजा घेऊन दोन वर्षं घरी राहायला तयार आहे. त्याचे मित्र आत्तापासून “बायकोच्या मागं जर्मनीला” म्हणून चिडवतात. हे कुणी निभावलंय का?
दुसऱ्या देशांत राहिलेल्यांनीही लिहा.

सासूबाईंचाही एक प्रश्न आहे. “तुज्या त्या जर्मनीत सासवा नसत्यात का गं?” मला उत्तर देता आलं नाही.

---

भडंगप्रेमी (सांगली)

ताई, एवढा विचार करायचा नसतो. युरो मोजायचे, दोन वर्षांनी येऊन शंभरफुटीला फ्लॅट घ्यायचा. समानता वगैरे रिटायर झाल्यावर बघू.

---

गेज_मास्तरीण

दादा, युरो मोजणार आहेच. ते साडेबारापर्यंतचे मोजायचे का पूर्ण दिवसाचे, एवढंच विचारतेय.

---

मिरजेची_सिस्टर (सध्या लाइपझिग)

ताई, मी मिरजेत जीएनएम केलं, सात वर्षं तिथल्याच एका हॉस्पिटलला काढली, २०२१ पासून इकडे. आधी तुमच्या साहेबांचं अर्धवट वाक्य पूर्ण करते. मी एकविसाव्या वर्षापासून नाइट ड्युटी केली. अख्ख्या मिरजेत रोज रात्री शेकडो बायका ड्युटीवर असतात. सलाईन लावायला बाई रात्री चालते. माणसांवर हुकूम चालवायला मात्र रस्ता अंधारा होतो. हां, लग्न ठरवताना हीच नाइट आडवी येते. मला दोन स्थळांनी विचारलं होतं, “नाइट बंद करून घेता येईल का?” पगार बंद करून घ्या असं कुणी म्हटलं नाही.

आता इकडचं. तुम्ही पाहिलीत ती पश्चिमेकडची जर्मनी. मी आहे ते गाव १९९० पर्यंत पूर्व जर्मनीत होतं, आणि या बाबतीत तो वेगळाच देश समजा. माझ्या वॉर्डात एक सत्तावन्न वर्षांची नर्स आहे. तिने ‘राबेनमुटर’ हा शब्द बर्लिनची भिंत पडल्यावर ऐकला म्हणे. तिच्या तरुणपणी बाईने काम करायचं हे गृहीतच होतं, तान्ह्या पोरांची पाळणाघरं सरकारी, बहुतेक सगळ्या बायका कामावर. एका देशाचे दोन तुकडे, भाषा तीच, सणवार तेच, आणि चाळीस वर्षांत आईपणाच्या दोन वेगळ्या कल्पना तयार झाल्या. आजही पूर्वेकडे तीन वर्षांखालची निम्म्याहून जास्त मुलं पाळणाघरात जातात, पश्चिमेकडे साधारण तिसरा हिस्सा. २०२२ चे पगाराचे आकडे बघा. बाई-पुरुषांच्या पगारात पश्चिमेला १९ टक्के तफावत, पूर्वेला ७. (इकडे पुरुषांचेच पगार कमी, हेही त्यात आलं. फार हुरळून जाऊ नका.)

पण त्याच बाईने मला एक गंमत सांगितली. त्यांना महिन्यातून एक दिवस भरपगारी सुट्टी मिळायची, तिचं नाव ‘हाउसहाल्ट्‌स्टाग’, घरकामाचा दिवस. धुणं, झाडलोट, खिडक्या पुसणं यासाठी. सुट्टी कुणाला? बायकांना. शेवटी शेवटी थोड्या पुरुषांना मिळायला लागली, तीही ज्यांना बायको नाही किंवा ज्यांची बायको अंथरुणाला खिळलेली आहे त्यांनाच. म्हणजे कारखान्यात समान आणि खिडक्या तिच्याच. मी खूप हसले. मग आठवलं, मिरजेत माझा ‘वीकली ऑफ’ काय वेगळा जायचा?

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं कामाचं उत्तर. तीन वर्षांवरच्या मुलाला किंडरगार्टनची जागा मिळण्याचा हक्क १९९६ पासून आहे, एक वर्षावरच्याला ऑगस्ट २०१३ पासून. पण हक्क जागेचा, पूर्ण दिवसाचा नाही. तुमच्या भागात दुपारी एक-दोनला बंद होणाऱ्या जागा भरपूर भेटतील. कंपनीकडून पत्र घेऊन आत्ताच नाव घाला, फॉर्मवर ‘गान्त्स्टाग’ म्हणजे पूर्ण दिवस यावर खूण करा. मुलगी दोन वर्षांत शाळेत जाईल. पहिलीच्या मुलांना दिवसभर सांभाळण्याचा हक्क ऑगस्ट २०२६ पासून कायद्याने ठरलाय, पण तुमच्या गावात त्याची तयारी कुठवर आली ते विचारून घ्या. एवढं केलंत तर साडेबाराची बाई व्हायची गरज नाही. लोक बघतील तेवढं मनाला लावून घेऊ नका. तुम्ही परकी, तुमचं सगळंच त्यांना विचित्र वाटणार आहे, त्यात हे खपून जातं.

सासूबाईंना सांगा, इथे सासवा असतात, पण वेगळ्या गावी आणि पेन्शनवर. नातवंडांना रविवारी केक खायला बोलावतात.

---

जॉबवर्क_सातारा

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. शिव्या बसणार माहीत आहे.

सातारा एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे, बावीस माणसं. मागच्या वर्षी एक प्रोग्रामर घ्यायचा होता. दोन उमेदवार, मुलगी उजवी होती. नुकतंच लग्न झालेलं. मी मुलगा घेतला. कारण २०१७ पासून बाळंतपणाची भरपगारी रजा १२ आठवड्यांची २६ आठवडे झाली. चांगलं झालं, माझी बहीणही नोकरी करते. पण पगार २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, देतं, त्याच्या वर गेला की सहा महिन्यांचा पगार माझ्या खिशातून, आणि मशीनवर दुसरा माणूस तोही माझ्याच खिशातून. सरकारने औदार्य दाखवलं आणि बिल माझ्या टेबलावर ठेवलं. संस्कृती-बिंस्कृती काही नाही यात, वही आहे.

---

गेज_मास्तरीण

खरं लिहिलंत म्हणून राग कमी आला, पण आला. त्या मुलीला तुम्ही काय कारण सांगितलंत? “कळवतो” म्हणाला असाल. असे चार “कळवतो” मी २०१७ मध्येच गोळा केलेत, माझंही लग्न त्याच वर्षी झालं होतं.

---

मिरजेची_सिस्टर

दादा, तुमची वही इकडे कशी लिहितात ते ऐका. इथे बाळंतपणाची रजा तुमच्यापेक्षा कमीच, आधी सहा आणि नंतर आठ, एकूण चौदा आठवडे. पण त्या काळातला पगार आरोग्य विमा आणि मालक मिळून देतात, आणि मालकाने दिलेला पैसा त्याला एका फंडातून परत मिळतो. त्या फंडात सगळे मालक भरतात. ज्याच्याकडे एकही बाई नाही तोही. म्हणजे बाई न घेऊन तुमची काही बचत होत नाही. त्यापुढची पालक-रजा तीन वर्षांपर्यंत नेता येते, तिथे मालक कुरकुरतात, नाही असं नाही.

---

जॉबवर्क_सातारा

सिस्टर, अशी पद्धत उद्या आपल्याकडे आणा, पहिली वर्गणी माझी. आणि मास्तरीणबाई, हो, “कळवतो” म्हणालो होतो.

---

नागोयाहून_परत (सातारा)

मूळचा जावळी तालुक्यातला, २००९ ते २०१८ जपानात, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत. कोअर शॉपचं वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवेना, कारण ‘हेल्पर-ऑपरेटर’ हीच भानगड जपान्यांनी फार नीटनेटकी करून ठेवली आहे.

तिथे नोकरीत समान संधीचा कायदा १९८५ ला झाला, पुढच्या वर्षी लागू. बाई म्हणून वेगळं वागवता येईना. मग मोठ्या कंपन्यांनी नोकरीचेच दोन रूळ टाकले. एक ‘सोगोशोकु’, म्हणजे वर चढत जाणारा. दुसरा ‘इप्पानशोकु’, कार्यालयातली नेहमीची कामं, बढती जवळजवळ नाही. दोन्ही सगळ्यांना खुले. फक्त पहिल्या रुळावर एक अट, कंपनी पाठवेल त्या गावी बदलीवर जायचं. ‘तेनकिन’ म्हणतात. दहा दिवस आधी कागद हातात. त्यामुळे पहिल्या रुळावर पुरुष आणि दुसऱ्यावर बायका आपोआप लागल्या. कुणी कुणाला अडवलं नाही! आमच्या विभागात चहा देणाऱ्या, फोन घेणाऱ्या, आणि खरं सांगायचं तर सगळं काम माहीत असणाऱ्या दोघी दुसऱ्या रुळावरच्या होत्या. साहेब दर तीन वर्षांनी बदलायचे. नव्या साहेबाला काम शिकवायच्या त्याच दोघी.

बदलीवर गेलेला माणूस बहुतेकदा एकटा राहतो, बायको-मुलं मागे. माझ्या जपानी मित्राला वाटायचं मला हे चमत्कारिक वाटेल. मला कसलं वाटतंय! आमच्या जावळीत, पाटणला घरटी एक माणूस मुंबईला. कुणी माथाडी, कुणी गिरणीत. माझ्या आजीने चाळीस वर्षं मनिऑर्डरवर घर चालवलं. नांगरट, दोन म्हशी, तीन मुलींची लग्नं, सोसायटीचं कर्ज. सातबारा मात्र आजोबांच्या नावावर, जे गणपतीला आणि जत्रेला यायचे. पिकाची नोंद करायला तलाठी आला की आजीला म्हणायचा, “मालक आल्यावर सही घेतो.” नागोयात त्या दोघींकडे बघताना मला हाच तलाठी आठवायचा.

आता तुमच्या मिस्टरांसाठी. माझा मुलगा २०१३ ला झाला, बायको तिथेच आयटीत. बापाला मूल सांभाळायला रजा देणारा कायदा जपानात १९९२ पासून होता. शंभरात दोन बाप घेत होते. मी मागितली. साहेब खूप वेळ गप्प. मग हळू आवाजात विचारलं, “बायकोची तब्येत बरी नाही का?” बाईला काही झाल्याशिवाय पुरुष घरी कशाला बसेल, हा त्या माणसाचा प्रामाणिक प्रश्न होता. वाईट माणूस नव्हता तो. मी सहा आठवडे घेतले. परत आलो तेव्हा कुणी काही बोललं नाही, पण संध्याकाळच्या ‘नोमिकाई’ला, म्हणजे ऑफिसच्या पिण्याच्या बैठकीला, बोलावणं यायचं बंद झालं. “तुम्हाला घरी जायचं असेल ना.” आणि तिथे पुढच्या प्रोजेक्टचं ठरतं, मीटिंगमध्ये नाही. बायकांना हे कायमच भोगावं लागतं, मला फक्त चव मिळाली.

बदलतंय मात्र. २०२३ मध्ये तिथे तीस टक्के बापांनी रजा घेतली. आकडा लावून धरला सरकारने, आणि मोठ्या कंपन्यांना किती बाप रजेवर गेले ते जाहीर करायला लावलं. लाज ही तिथे मोठी गोष्ट आहे, तिचाच उपयोग केला.

साताऱ्यात परत आल्यावर मी दोन महिने घरी होतो, पोराला शाळेत सोडायचो. शेजारच्या काकांनी विचारलं, “नोकरी गेली का?” तेव्हा मिस्टरांना म्हणावं, चिडवणं परवडलं. चिडवतात ते निदान मित्र असतात.

---

वाईची_लेक (गोथेनबर्ग)

स्वीडनचं थोडक्यात. आई आणि बाप दोघांनाही पालक-रजा १९७४ पासून. आता एका मुलामागे ४८० दिवस, त्यांतले ९० दिवस फक्त बापाचे आणि ९० फक्त आईचे. आपले घेतले नाहीत तर बुडाले, दुसऱ्याला देता येत नाहीत. ही शेवटची अट आल्यावरच बाप खऱ्या अर्थाने घरी बसायला लागले. स्वखुशीवर सोडलं होतं तेव्हा स्वीडिश बापही आपल्या बापांसारखेच होते.

पण मला इथे आल्यावर सगळ्यांत जास्त कशाचा धक्का बसला सांगू? आजारी मुलाजवळ थांबायच्या रजेला इथे वेगळं नाव आहे, ‘वाब’, आणि त्याचे पैसे सरकार देतं. फेब्रुवारीत एवढी मुलं आजारी पडतात की लोक त्या महिन्याला गमतीने ‘वाब्रुआरी’ म्हणतात. आमचा विभागप्रमुख, साडेसहा फूट माणूस, भर मीटिंगमधून उठला, “पोराला ताप आहे, वाब” म्हणाला आणि गेला. कुणी मान वर केली नाही. वाईत माझ्या वडिलांना माझी तुकडी कोणती हे सांगता यायचं नाही.

तरीही इथे नर्स, पाळणाघरातल्या शिक्षिका बायकाच आणि बांधकामावर पुरुषच. आणि इथे सासू नाही, कामवाली नाही, भांडी आपली आपण. तुमचे मिस्टर भांडी घासतात का, हे आधी बघा ताई. पुढचं सगळं त्यावर आहे.

---

गेज_मास्तरीण

सगळ्यांचे आभार. काल रात्री हा सगळा धागा नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. सासूबाई पलीकडे लसूण सोलत होत्या, ऐकत नाही असं दाखवून.

भांडी घासतो. बरी घासतो. कढई मात्र “भिजत ठेवलीय” म्हणून सोडून देतो. नागोयावाल्या दादांचं “नोकरी गेली का?” ऐकून तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, “मला चिडवण्याचं काही नाही गं. तिथे दिवसभर बोलायला कोण असेल?” हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी सहा आठवडे कामावर होते, मला माणसं होती. तिथल्या बागेत दुपारी फक्त आया आणि मुलं असायची, त्यांत मिशीवाला एक मराठी प्राध्यापक. आता तो जर्मनच्या क्लासची चौकशी करतोय.

आज एचआरला मेल केला. ‘गान्त्स्टाग’ची जागा मिळवून देण्याची लेखी हमी मागितली. सिस्टर, तुमच्यामुळे, नाहीतर मला हे सुचलं नसतं. आणि दुसरं, आल्यावर मला कोणती खुर्ची, हेही लेखी मागितलं. दोन वर्षं जर्मनी करून पुन्हा “मॅडम, कुपवाड रोड” ऐकायचं असेल तर नको. साहेब मेल वाचून म्हणाले, “एवढं कशाला लिहायचं, आपण घरचीच माणसं.” मी म्हटलं, घरच्या माणसांत सातबारा कुणाच्या नावावर असतो ते मला नुकतंच कळलंय. त्यांना काही समजलं नाही.

त्याच बैठकीत कोअर शॉपचंही काढलं. आठ मार्च जवळ आलाय, दरवर्षीप्रमाणे सावित्रीबाईंच्या फोटोला हार, गुलाब आणि हळदीकुंकू. ज्या चौदा वर्षांच्या हेल्परबद्दल लिहिलं होतं, त्या विधवा आहेत. गेल्या वर्षी हळदीकुंकवाच्या वेळी त्या “कोअर ओव्हनमध्ये आहेत” म्हणून गेल्या त्या परत आल्याच नाहीत. मी म्हटलं, यंदा कुंकवाऐवजी त्यांना ऑपरेटरचं कार्ड द्या. साहेब “बघू” म्हणाले. “कळवतो” नाही म्हणाले, एवढंच.

सासूबाईंचा पासपोर्ट काढतोय, तीन महिने तरी येऊन जातील. पोलीस चौकशीला हवालदार घरी आले होते. “मुलाकडे चाललाय का आजी?” त्या म्हणाल्या, “सुनंकडं. पोरगा बी तिच्याकडंच चाललाय.”

वाईची लेक, एक राहिलं. तिकडच्या थंडीत गुडघ्यांना काय करतात? त्यांनी तुम्हालाच विचारायला सांगितलंय.